हक्काच्या पाण्याशी ओळख: सावित्रीच्या खाडीत कयाक चालवताना

आपल्यापैकी किती जणींना पोहता येते? गेल्या वर्षी वस्तीतल्या बुद्धविहारात आरोग्य शिबिर झाले, तेव्हा आम्ही हा प्रश्न विचारला. साठेक महिला बसल्या होत्या. हात वर झाले तीन. त्यातल्या दोघी नदीकाठच्या गावात वाढलेल्या. तिसरी म्हणाली, "लहानपणी विहिरीत पडले होते, तेव्हाच शिकले." सगळ्या हसल्या. मागे बसलेली एक ताई मात्र उठून बाहेर गेली, आणि मग हसणे आपोआप थांबले.

त्या ताईचा मुलगा चौदा वर्षांचा होता. आमच्या वस्तीमागे बंद पडलेली दगडखाण आहे. पावसाळ्यात ती पाण्याने भरते आणि पोरे तिथे जातात. शिबिराच्या आदल्या पावसाळ्यात तोही गेला. निरोप मिळाल्यावर आम्ही धावत पोहोचलो, तेव्हा लोकांनी त्याला बाहेर काढले होते. पण एक जण त्याला पालथे घालून पाठ दाबत होता, दुसरा पाय धरून उलटे करायला सांगत होता. माणसे वाईट नव्हती. सगळी जीव तोडून धडपडत होती. फक्त कोणालाही काय करायचे ते ठाऊक नव्हते. आम्ही तोंडाने श्वास द्यायला सुरुवात केली, तेव्हा फार वेळ गेला होता.

इतकी वर्षे आम्ही बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, बाळंतपण यांवर बोलत आलो. पाण्यावर कधी बोललो नव्हतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. म्हणजे हा नशिबाचा नाही, आरोग्याचाच प्रश्न आहे. पण भीती घेऊन बसलेल्या बायांना नुसते भाषण देऊन पाण्याजवळ नेता येत नाही. म्हणून आम्ही एक वेगळाच बेत केला.

ही वाट आपलीच आहे

दरवर्षी २५ डिसेंबरला, स्त्रीमुक्ती दिनाला, आमचे महिला मंडळ महाडला जाते. या वेळी आम्ही एक दिवस आधी निघालो आणि २४ तारखेची सकाळ सावित्रीच्या खाडीत घालवायची ठरवली. कारण हा जलमार्ग आपल्या इतिहासातला आहे.

महाड म्हटले की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो. चवदार तळ्याची ओंजळ आठवते. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली, तेव्हा बाबासाहेब महाडला कसे पोहोचले, हे फारसे सांगितले जात नाही. धरमतरच्या बाजूने मोटारीने यायची सोय होती, पण मोटारवाल्यांनी सत्याग्रहींवर बहिष्काराची भाषा केली. तेव्हा २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि सुमारे २०० प्रतिनिधी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले. समुद्रमार्गे लांबचा वळसा घेऊन सावित्रीच्या मुखातून आत आले आणि २५ डिसेंबरला दासगावच्या बंदरात उतरले. तिथे हजारो माणसे वाट पाहत होती. दासगावपासून महाड सुमारे पाच मैल. ते अंतर सगळ्यांनी मिरवणुकीने चालून काढले. परिषदेसाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

रस्ता अडवला, तर पाण्याने वाट दिली. आज हीच खाडी एका बाजूला रायगड जिल्हा आणि दुसऱ्या बाजूला रत्नागिरी जिल्हा ठेवून समुद्राला मिळते. उत्तरेला हरिहरेश्वर आणि बागमांडला, दक्षिणेला वेसवी आणि बाणकोट. बाणकोट ज्या मंडणगड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे. पुढे वर, महाडजवळ, गांधारपाले आणि कोल येथे बौद्ध लेणी आहेत. कोकणातल्या खाड्या हे जुन्या काळी व्यापाराचे मार्ग होते, आणि अशा मार्गांच्या आधाराने भिक्खूंचे विहार वाढले.

कयाक म्हणजे काय

कयाक ही लांबट, अरुंद, वल्ह्याने चालवायची छोटी नाव. नवशिक्यांना बहुतेक वेळा वर बसायची प्लास्टिकची कयाक देतात. तिच्यात आत पाय अडकत नाहीत, पाणी शिरले तर भोकांतून निघून जाते, आणि उलटली तरी ती बुडत नाही. दोघींनी बसायची कयाक एकटीच्या कयाकपेक्षा जास्त स्थिर असते. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. डावीकडे एक ओढ, उजवीकडे एक ओढ, आणि नाव सरळ जाते.

पोहता येत नसेल तरी चालते का? शांत पाणी, अंगावर घट्ट लाइफ जॅकेट, सोबत शिकलेला गाईड आणि मदतीची बोट असेल, तर चालते. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर पट्टीच्या पोहणाऱ्यानेही जाऊ नये.

मंडळात प्रश्न खूप निघाले. "लोक काय म्हणतील?" "या वयात?" "कपडे काय घालायचे?" कपड्यांचा प्रश्न खरा होता. पाण्यात साडी पायांत गुंडाळते, ओढणी वल्ह्यात अडकते, जीन्स ओली झाली की जड होते. लवकर वाळणारी ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट सगळ्यांत बरा. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या आजी ६२ वर्षांच्या. त्यांनी आयुष्यभर साडीच नेसली. त्यांनाच आम्ही आठवण दिली, की १९२७ च्या त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी महाडला जमलेल्या स्त्रियांना सांगितले होते, जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्या. आणि बायांनी नेसण्याची पद्धत बदलली. आजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग नातीची पँट आण. पण नाडी घट्ट पाहिजे."

आधी तपासणी, मग सहल

आम्ही ११ जणी होतो, वय १९ ते ६२. जायच्या दोन आठवडे आधी सगळ्यांची तपासणी केली. वाचकांनाही हीच विनंती.

रक्तदाब: गोळ्या चालू असून दाब आटोक्यात असेल, तर डॉक्टरांना विचारून जाता येते. दाब वाढलेला असेल, छातीत दुखत असेल, किंवा जिना चढताना धाप लागत असेल, तर आधी उपचार. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हात पाणी किती प्यायचे हे डॉक्टरांना विचारा.

मधुमेह: उपाशी पोटी निघू नका. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाने खाली जाऊ शकते. घाम, थरथर, घाबरल्यासारखे वाटणे ही लक्षणे. ग्लुकोज किंवा साखर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून अंगाशी ठेवा.

रक्तक्षय: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर आधी ते वाढवा.

सिकलसेल: विदर्भातल्या आपल्या समाजात हा आजार बराच आहे. एसएस रुग्णांनी ऊन, थंडी, दमणूक आणि पाणी कमी पडणे या चारही गोष्टी टाळायच्या असतात, कारण त्यांतून वेदनांचा झटका येतो. आमच्यातली एक जण मूळची नागपूरची, एसएस रुग्ण. तिने वल्हे हाती घेतले नाही. मदतीच्या बोटीत सावलीला बसून ती आली. एएस वाहकांना सहसा अडचण नसते, पण त्यांनीही भरपूर पाणी प्यावे आणि दम लागला की थांबावे.

फिट येणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नये. दमा असेल तर पंप सोबत हवाच. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे का, हेही पाहा. खाडीतल्या खडकांवर कालवे असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. म्हणून पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा जुने बूट घाला.

पाणी कधी आपले, कधी परके

बागमांडल्याच्या जेटीवर आम्ही सकाळी सातला पोहोचलो. गाईड तिथलाच तरुण. त्याने आधी अर्धा तास फक्त जमिनीवर शिकवले. त्याची पहिली गोष्ट भरती-ओहोटीची.

दिवसातून साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. एकीपासून दुसरीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जोरात धावते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा ओढ कमी. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारी खारा वारा उलट येतो. मतलई वारा आणि ऐन ओहोटी एकत्र आली, तर छोटी नाव मुखाबाहेर ओढली जाते. म्हणून त्याने वेळ अशी धरली होती, की ओहोटी संपता संपता निघायचे आणि भरती लागल्यावर परत फिरायचे. "जाताना थोडी मेहनत तुमची, येताना पाणीच ढकलेल," तो म्हणाला. मुखाबाहेर जायचे नाही, हा त्याचा नियम.

मग लाइफ जॅकेट. प्रत्येकीच्या जॅकेटचे पट्टे ओढून झाल्यावर त्याने खांद्याला धरून ते वर खेचून पाहिले. हनुवटीपर्यंत वर आले, तर ते सैल आहे. पोट मोठे असलेल्या बायांना लहान जॅकेट चालत नाही. मापाचे मागून घ्या, लाजू नका. प्रत्येक जॅकेटला शिट्टी होती. एक शिट्टी म्हणजे 'माझ्याकडे बघा', तीन म्हणजे 'मदत'.

वल्हे धरायचे ते दोन्ही हात खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवून, सैल मुठीने. ताकद दंडातून लावली तर दहा मिनिटांत खांदे भरून येतात. कंबरेपासून अंग वळवायचे. मागची बाई पुढचीच्या तालावर वल्हवते. नाहीतर दोघींची वल्ही एकमेकींवर आपटतात. आमची आपटलीच.

शेवटी उलटण्याचा सराव, कमरेएवढ्या पाण्यात. जॅकेट तुम्हाला आपोआप वर आणते, हे अंगाने एकदा कळले की निम्मी भीती जाते. आधी नावेला धरायचे. मग पाय मारत पोटावर आडवे नावेवर चढायचे, वळून बसते व्हायचे, आणि शेवटी पाय आत घ्यायचे. सात जणींनी केले. आजींनी दोनदा केले.

परत फिरणेही शिकायचे असते

ती ताई आमच्याच कयाकमध्ये पुढे बसली होती. सहलीला ती येईल असे वाटले नव्हते. गाडीत बसताना ती एवढेच म्हणाली होती, "बघते."

उलटण्याचा सराव तिने केला नाही. आम्हीही आग्रह केला नाही. नावा पाण्यात ढकलल्या, आणि काठापासून दोनशे हातही गेलो नसू, तेवढ्यात तिचे वल्हे थांबले. ती मागे न बघता म्हणाली, "सिस्टर, खाली दिसत नाही." खाडीचे पाणी गढूळच असते, तळ दिसत नाही. खाणीचे पाणीही तसेच होते. तिचे दोन्ही हात नावेच्या कडांना घट्ट धरलेले, श्वास वर चढलेला.

वॉर्डात काम करताना आम्ही एक शिकलो. घाबरलेल्या माणसाला "घाबरू नको" म्हणून काही होत नाही. आम्ही तिला म्हटले, "श्वास बाहेर सोड, माझ्यासोबत. आपण वळतोय." श्वास आत घेण्यापेक्षा सावकाश बाहेर सोडण्यावर लक्ष दिले, की छातीतली धडधड उतरते. गाईड जवळ आला. त्याने एक प्रश्नही विचारला नाही. "परत जाणं हा पण आपल्या सहलीचाच भाग आहे ताई," म्हणाला, आणि आमच्या बाजूने वल्हवत काठापर्यंत आला.

आम्हाला इथे थांबून सांगायचे आहे. चांगल्या गाईडची ओळख हीच. जो "काही होत नाही, चला" म्हणतो, त्याच्यासोबत जाऊ नका. आणि मैत्रिणींनीही परत फिरणाऱ्या बाईला हसू नये. आपल्या बायांना आयुष्यभर 'सहन कर' एवढेच शिकवले गेले. 'थांबते' म्हणणे ही नवी गोष्ट आहे, तिला मान द्या.

ताई काठावर थांबली. मदतीची बोट चालवणारे चाचा मूळचे बाणकोटचे. त्यांचा मुलगा बोट घेऊन आमच्यामागे निघाला होता, आणि ते स्वतः जेटीवर दोरखंड गुंडाळत बसले होते. पुढच्या जागेवर गाईडचा मदतनीस बसला आणि आम्ही पुन्हा निघालो.

बाणकोटच्या पायथ्याशी

पुढचा तासभर शब्दांत सांगणे अवघड. बागमांडला आणि वेसवी यांच्यामध्ये गाड्या नेणारी फेरीबोट चालते. ती जाईपर्यंत आम्ही काठाशी थांबलो, तिच्या लाटा आल्या तेव्हा नावेचे तोंड लाटेकडे केले. लाट आडवी घेतली की नाव कलंडते, समोरून घेतली की फक्त डुलते. मग पलीकडच्या काठाने, कांदळवनाच्या कडेने बाणकोटकडे. खंड्या वल्ह्याच्या अंतरावरून उडून गेला.

बाणकोटचा किल्ला टेकडीवरून खाडीच्या तोंडावर नजर ठेवून आहे. त्याला हिंमतगडही म्हणतात. १७५५ साली तो इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिले. किल्ल्याखाली ओल्या वाळूवर आम्ही नावा ओढून घेतल्या, पाणी प्यायलो, केळी आणि शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. समोर खाडीचे रुंद मुख आणि त्यापलीकडे मोकळा समुद्र. याच मुखातून 'पद्मावती'ने आणलेली माणसे आत आली होती. त्यांच्यातल्या कितींना पोहता येत असेल, असे १९ वर्षांच्या पोरीने विचारले. ज्यांना तळ्यापाशी फिरकू दिले जात नव्हते, विहिरीवर चढू दिले जात नव्हते, ते पोहायला शिकणार कुठे? पाणवठ्यावरची बंदी ही फक्त तहानेची गोष्ट नव्हती. पाण्यात खेळणे, डुंबणे, त्याचा अंदाज घेणे, पोराला त्यात उतरवणे, हे सगळेच तिने हिरावले. शहरांत आल्यावर तलाव आले ते फी भरायचे, आणि आपल्या वाट्याला उरल्या खाणी, नाले आणि खड्डे.

चवदार तळ्याचा खटला १९३७ साली उच्च न्यायालयात आपल्या बाजूने सुटला. पाण्यावरचा हक्क आपण मिळवला. पाण्याची ओळख मात्र आपण अजून करून घेतलेली नाही. ती आता कोणी अडवत नाही, पण आपोआप होणारही नाही.

परतताना भरती लागली होती. गाईड म्हणाला तसेच झाले, पाण्यानेच आणले.

शरीराला काय मिळाले

"दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?" हे आम्ही नेहमी ऐकतो. राबण्यात वाकणे, उचलणे आणि उभे राहणे असते. त्याने गुडघे आणि कंबर झिजतात. वल्हवताना गुडघ्यांवर भार येत नाही, आणि पाठ, पोट, खांदे एका लयीत चालतात. हृदय आणि फुप्फुसांनाही मध्यम व्यायाम होतो. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका सहलीने ते भागत नाही, पण सुरुवात होते.

दुसऱ्या दिवशी खांदे दुखणे साहजिक आहे. हात बधिर झाला, मुंग्या आल्या, किंवा दुखणे आठवड्यात गेले नाही, तर डॉक्टरांना दाखवा. पाण्यावर घाम जाणवत नाही, म्हणून तहान लागण्याआधीच थोडे थोडे पाणी प्या. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही उन्हाची लक्षणे दिसली की सावलीत आणा, अंग ओले करा, ओआरएस द्या. बडबड सुरू झाली किंवा शुद्ध हरपू लागली, तर तोंडाने काही न देता थेट दवाखाना.

जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडे पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे कार्डाने किंवा चिमट्याने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेका. श्वास लागला किंवा अंगभर गाठी उठल्या, तर लगेच दवाखाना.

बुकिंग करण्याआधी विचारा

१. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का?
२. किती नावांमागे एक गाईड? सोबत इंजिनची बोट आहे का?
३. प्रत्येक मापाचे लाइफ जॅकेट आहे का? लहान मुलांसाठी वेगळे आहे का?
४. गाईडने प्रथमोपचार आणि सीपीआरचे शिक्षण घेतले आहे का?
५. त्या दिवशीची भरती किती वाजता? उत्तर लगेच आले नाही, तर दुसरा गाईड शोधा.
६. हवा बिघडली तर पैसे परत की दुसरी तारीख?

पावसाळ्यात हा विषयच नको. आणि दारू प्यायलेल्या कोणाही माणसाला नावेत घेऊ नका, मग तो घरचा असला तरी. पाचवे शील पाण्यावर जीव वाचवते.

बुडालेल्याला वाचवताना

हा भाग कापून विहारात लावा.

पोहता येत नसेल तर उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाही खाली ओढतो. ओरडून माणसे जमवा. बांबू, काठी, साडी पुढे करा किंवा दोरी फेका. तुम्ही स्वतः आडवे पडा किंवा मागून कोणाला तरी धरायला सांगा.

बाहेर काढल्यावर उताणे झोपवा. हाक मारा, छाती हलते का पाहा. श्वास नसेल तर पोट दाबण्यात, उलटे धरण्यात एक क्षणही घालवू नका. मान मागे, हनुवटी वर, नाक दाबून तोंडाने आधी दोन ते पाच श्वास द्या. बुडालेल्याला सर्वांत आधी हवा लागते. मग छातीच्या मधोमध तळहाताने ३० दाब, मोठ्या माणसाला सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्याने तोवर १०८ किंवा ११२ वर फोन करावा. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. श्वास सुरू झाला तर कुशीवर वळवा, ओले कपडे काढून पांघरूण घाला. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते.

खाणीवरची दोरी

आम्ही जेटीला परतलो तेव्हा ती ताई चाचांसमोर उभी होती. हातात दोरी, दोरीच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन. आत थोडेसे पाणी घातलेले, म्हणजे फेकताना वजन राहते आणि तरी तो तरंगतो. चाचा सांगत होते, "बेटी, माणसाच्या अंगावर नाय टाकायची. त्याच्या पलीकडं टाक. मग ओढत ओढत त्याच्या हातापाशी आण." ती फेकत होती, ओढत होती, गुंडाळत होती, पुन्हा फेकत होती. तिचे तळहात लाल झाले होते. आम्ही नावा ओढून, कपडे बदलून, चहा पिऊन होईपर्यंत ती फेकतच होती.

दुपारी फेरीबोटीने वेसवीला उतरलो आणि मंडणगडमार्गे महाडला गेलो. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्यावर अभिवादन केले. पायऱ्या उतरून ताईने पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. काही बोलली नाही. आम्हीही विचारले नाही.

परत आल्यावर विहारात सीपीआरचे शिबिर घेतले. उशी आणि लोड यांवर ४० जणींनी सराव केला. नगरपालिकेच्या तलावात मुलांसाठी उन्हाळी वर्ग मिळावा म्हणून अर्ज दिला आहे. सहा वर्षांवरच्या मुलांना पोहणे आणि पाण्यातली सुरक्षा शिकवावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पहिल्या यादीत अठरा नावे आहेत. त्यात ताईची धाकटी मुलगी आहे.

खाणीला कुंपण घालावे म्हणून आम्ही पाठपुरावा करतोच आहोत. तोवर खाणीच्या काठावर एक लोखंडी खांब उभा केला आहे. त्यावर पिवळी दोरी आणि कॅन टांगलेला असतो. उन्हाने दोरी कुजते, कधी पोरे कॅन पळवतात. म्हणून दर रविवारी वंदनेनंतर ताई तिथे जाते. दोरी सोडते, एकदा लांब फेकते, ओढून घेते, आणि नीट गुंडाळून पुन्हा टांगते.

तुमच्या वस्तीजवळ पाणी असेल, तर असा एक खांब तुम्हीही उभा करा.